ओढ्याचं मुसळ

लग्न होऊन कुवानोसेत आले त्या रात्री
डोळ्याला डोळा लागला नाही.
कुईऽऽ, मग पाणी सांडल्याचा आवाज, मग धप्प.
पुन्हा कुईऽऽ.
मी विचारलं, हे रात्री बंद नाही का करत?
सासूबाई अंधारातच हसल्या:
उखळाच्या घरात आलीस, आता मुसळाशी भांडू नकोस.

पाइनचा ओंडका, एका टोकाला पोखरलेला.
ओढ्याचं पाणी त्यात भरतं, तो वाकतो,
पाणी टाकून देतो,
आणि दुसरं टोक उखळातल्या मातीवर आदळतं.
एवढंच. माती म्हणजे तरी काय,
मागच्या डोंगरातला पिवळा दगड.
तीन आठवडे मार खातो, तेव्हा पीठ होतो.

चाकावर पुरुष बसतात.
माती बायकांची. वाहायची, भिजवायची, ढवळायची,
गाळायची, निवळायची, वाळत घालायची,
आणि ढग दिसला की पळत जाऊन झाकायची.

राखही आमची.
दहा घरांच्या चुलींतून पोत्यांनी आणायची.
भाताच्या पेंढ्याची वेगळी, तिचं लुकण दुधासारखं उतरतं.
बंबाखालची वेगळी, तिचा भरवसा नाही.
वरच्या घरचे प्लास्टिक जाळतात;
त्यांचंही पोतं दर वर्षी आणते
आणि गुपचूप गावाबाहेर टाकून येते.
शेजाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

मग पाणी बदलत राहायचं, बुळबुळ जाईपर्यंत.
सासूबाई थेंब जिभेवर घ्यायच्या.
"अजून चावते," म्हणायच्या.
म्हणजे आणखी एक महिना.
त्या गेल्या. आता मला चावते.

भांड्याखाली नाव कुणाचंच नसतं.
ओसाकाहून आलेला एक गृहस्थ
वाडगा उलटा करकरून शोधत होता.
योशिताके म्हणाले,
"आमच्याकडे भात वरच्या बाजूनं वाढतात."

त्या जुलैत डोंगर सुटला.
पहाटे तीनला सगळी वस्ती एकदम जागी झाली.
पुराच्या आवाजानं नाही. तो संध्याकाळपासून होताच,
आणि त्याच्या आतून मुसळं ऐकू येत होती.
ती यायची थांबली, म्हणून.
विजेऱ्या घेऊन बाहेर आलो
तर ओढा ओढ्याच्या जागी नव्हता.
उखळं चिखलानं भरलेली. पाचातलं एक मुसळ
आमच्या भोपळ्याच्या वाफ्यात आडवं पडलेलं.
आणि दारात सासरे, तोकुमात्सु, अनवाणी.
नव्वदीचे, दोन्ही कानांनी ठार बहिरे.
यांना कुणी उठवलं?
"जमीन थांबली," म्हणाले.

नऊ रात्री कुणाला धड झोप नाही.
शहरातून एक माणूस आला, विजेच्या यंत्राचं चित्र घेऊन.
तासाभरात पीठ, म्हणाला.
ह्यांनी त्याला चहा दिला, वाकून निरोप दिला,
चित्र घडी करून खिडकीच्या फटीत खोचलं, वारा येत होता तिथे.
खरं सांगते, मला विचारलं असतं
तर मी हो म्हटलं असतं.
माझी पाठ म्हणाली असती.
कुणी विचारलं नाही, आणि मीही
ते चित्र काढून शेगडीत घातलं नाही.
अजून तिथेच आहे.

पुरानंच वरून एक पाइन आणून टाकला होता.
दहा घरांनी मिळून तो ओढला,
सोलला, पोखरला. ओढ्याला वळवून आणलं
चुकार म्हशीला आणतात तसं, दोन्ही बाजूंनी हाकत.
अकराव्या रात्री पाणी भरलं,
ओंडका वाकला. आम्ही सगळे श्वास धरून.

धप्प.

नव्या लाकडाचा आवाज जरा चढा होता.
वरच्या घरची सून रडायला लागली, मग तिलाच हसू आलं.
सासरे पायरीवर बसलेले, तळवे जमिनीला टेकवून,
डोळे मिटून. बराच वेळ.
"उजवीकडे लंगडतंय," म्हणाले,
आणि झोपायला गेले.

सकाळी पाहिलं. खरंच,
एक पाचर कमी होती.